अर्ध्या डिग्रीचं पाणी

आमच्या योगेंद्रला बोलतं करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, असं माझी बायको द्वारका म्हणायची आणि म्हणताना माझ्याकडे बघायची. बाप-लेक दोघेही घुमे. त्याचा फोन आला की रिसीव्हर तिच्या हातात, आणि मी दाराशी उभा राहून अर्धंच बोलणं ऐकायचो. ती गेल्यावर रिसीव्हर माझ्याकडे आला आणि घरातलं सगळं संभाषण एका प्रश्नावर येऊन ठेपलं.

"जेवलास का रं?"

"हां, बाबा. तू?"

"झालं."

मग नुसती खरखर. शेवटी दोघांपैकी कोणीतरी म्हणायचं, "ठेवू मग?"

योगेंद्र मालवाहू जहाजावर तिसरा ऑफिसर. फोन यायचा तो बंदराला लागल्यावर, तोही आठवण झाली तर. एरवी भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर मी आणि टीव्ही. लिफ्टमध्ये कोणी 'कैसे हो अंकल' विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर पडतं. त्यांची चूक नाही. मीही 'ठीक' याच्यापुढे कधी गेलेलो नाही.

आईचं वर्षश्राद्ध आटोपून जहाजावर परत जाताना मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे. मला नाक्यावरच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. संगणकावर जगाचा नकाशा उघडला. समुद्रावर सगळीकडे मोहरी सांडावी तसे ठिपके.

"ही जहाजं हायेत," तो म्हणाला. "आमी रोज बादलीनं पानी वर काडतो, गरम किती, वारा किती, लाट केवडी, सगलं लिवून पाटवतो. माझ्या जहाजावर ते काम माझंच हाय."

"कोनाला पाटवतोस?"

"सगल्यांनाच. एका देशाच्या हवामानखात्याला दिलं का ते बाकीच्यांना देतात. जपानला जातं, पुन्याला जातं. कोन कोनाकडं पैशे मागत न्हाय. वादलाचा अंदाज त्यावरच काडतात."

माझा विश्वास बसेना. आमचं भाईंदरच्या खाडीला मिठागर होतं. तिथं शेजारच्या आगरातलं पाणी किती खारं झालंय हे विचारलं तर शेजारी आभाळाकडे बघून 'बरं हाय' म्हणायचा. आणि इथे शे-दीडशे देश एकमेकांना समुद्राच्या खबरी फुकट देत होते. शिकलेले लोक भोळे असतात, असं मी मनात म्हटलं.

योगेंद्रने जहाजाच्या खुणेची अक्षरं मला पाठ करून घेतली. ती टाकली की एकच ठिपका लाल व्हायचा. त्याच्यावर बोट ठेवलं की वारा, लाट आणि पाणी यांचे आकडे यायचे.

तेव्हापासून चहा झाला की मी कॅफेत. कॅफेवाला जिग्नेशभाई खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवायचा. लाल ठिपका पुढे सरकलेला दिसला की मला पोरगा भेटल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फोनपेक्षा बरं वाटायचं. फोनवर काय बोलायचं हा प्रश्न असतो, ठिपक्याशी नसतो.

आणि एक गोष्ट मी लवकरच हेरली. त्याच्या पाण्याचा आकडा नेहमी पुरा तरी असायचा किंवा साडे तरी. अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस, एकोणतीस. मधलं काही नाही. मला हसू फुटलं. मिठागरात खाऱ्या पाण्यात काचेची नळी सोडून खारेपणाची डिग्री बघतात, ती बघायला त्याला मीच शिकवलं होतं. म्हणायचो, दोन रेघांच्या मधलं वाचायला जाऊ नकोस, डोळा फसवतो. पुरं सांग नाही तर अर्धं सांग. आगर बंद पडलं, जमीन गेली, पण पोराने बापाची डिग्री अख्ख्या जगाच्या समुद्राला लावली होती. ही गोष्ट सांगायला द्वारका हवी होती. जिग्नेशभाईला सांगितली तर तो म्हणाला, "बहुत बढ़िया, अंकल," आणि प्रिंटरकडे वळला.

मग एका सकाळी अक्षरं टाकली आणि लाल ठिपका आलाच नाही. परत टाकली. नाही. एका ठिपक्यावर बोट ठेवलं तर नावाच्या जागी नुसतं 'शिप'. दुसऱ्यावर 'शिप'. श्रीलंकेखाली दाटीने ठिपके होते, सगळे 'शिप'. शाळेतल्या सगळ्या पोरांची नावं पुसून हजेरीपटावर 'पोरगा, पोरगा, पोरगा' लिहावं, तसलाच प्रकार.

जिग्नेशभाईने खाली आलेली सूचना वाचून दाखवली. "नाम निकाल दिया है, अंकल. समुद्री डाकू भी यही मैप देखते हैं, इसलिए. डेटा वही है, सिर्फ़ नाम नहीं आएगा."

सिर्फ़ नाम! मला एवढा राग आला की डाकूंचा आला, जहाजांच्या मालकांचा आला, त्या शे-दीडशे देशांचा आला. वाऱ्याचा, लाटांचा हिशोब सगळ्यांना पुरला, माझ्याच वाटणीचं तेवढं काढून घेतलं. घरी येऊन भात टाकला आणि तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मात्र डोकं चाललं. नाव पुसलं, पण पाणी कसं पुसतील? योगेंद्रचा ठिपका शेवटचा दिसला होता श्रीलंकेखाली, पश्चिमेकडे तोंड करून. तिथल्या एकेका 'शिप'वर बोट ठेवत गेलो. एकोणतीस पॉइंट तीन. हा नव्हे. अठ्ठावीस पॉइंट सात. हाही नव्हे. आणि मग साडेएकोणतीस. पुढच्या दिवशी तेच जहाज थोडं वर सरकलेलं, पाणी तीस. त्याच्या पुढच्या दिवशी परत साडेएकोणतीस.

"सापडला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारी चॅटिंग करणाऱ्या मुलीने कानातला हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

मी त्याला सोडलं नाही. रोज कालच्या जागेवरून आजची जागा शोधायची आणि पाणी बघून खात्री करायची. तो अरबी समुद्रात शिरला तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं आपल्याच पाण्यात आला. पण त्या जूनमध्ये ओमानच्या बाजूला भलंमोठं वादळ उठलं. टीव्हीवर पांढरा भोवरा दिसत होता आणि माझा ठिपका त्याच वाटेवर होता. पाणी साडेतीस. मग ठिपका दिसेनासा झाला.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कंपनीला फोन लावला तर पोरगी इंग्रजीत म्हणाली, काळजीचं कारण नाही. तिचं काय जातंय म्हणायला. मी भाईंदरजवळच्या चौक गावी धारावी देवीच्या देवळात गेलो, ओटी कबूल केली, आणि आयुष्यात देवाशी जेवढा बोललो नव्हतो तेवढा तिथं बोललो. पोराशी न बोललेलं सगळं तिला सांगितलं. त्याची आई असती तर ही वेळ माझ्यावर आली नसती, हेही सांगितलं.

वादळ निवल्यावर ठिपका दिसला. मस्कतच्या खाली, हळूहळू चाललेला. वादळाने घुसळून पाणी गार झालेलं, पण साडेसत्तावीस! साडे! जिग्नेशभाईने माझे डोळे बघून न मागता चहा मागवला. मी देवीची ओटी भरली, नारळ फोडला आणि प्रसाद कॅफेत वाटला. लिफ्टमध्येही दोघा-तिघांना दिला. त्यांनी विचारलं, किस खुशी में? मी म्हणालो, मुलगा वादळातून बाहेर आला. तेवढा एक दिवस बिल्डिंगमध्ये माझ्याशी लोक बोलले.

आठवड्याभरात योगेंद्रचा फोन आला.

"जेवलास का रं?" मी विचारलं, आणि आज थांबलो नाही. "लई हाल झालं का वादलात? मी बघत व्हतो. तुझं पानी साडेतीस व्हतं, मग साडेसत्तावीस झालं. देवीला वटी भरली मी."

मग तो म्हणाला, "कुटलं वादल, बाबा?"

"ओमानचं."

"आमी ब्राझीलला हाव. श्रीलंकेवरनं सरल आफ्रिकेला वलसा घालून आलो. हितं बंदराभायेर थांबून दोन दिस झाले, जहाजावरच्या कार्डाच्या फोनवरनं बोलतोय. नंबर लागत न्हाय."

"मंग त्यो ठिपका? साडेचा? तुझं पानी मी वलखतो, योग्या."

तो हसला. मग हसू आवरून हळू बोलला. "बाबा, थर्मामीटरला रेघाच अर्ध्या डिग्रीच्या असतात. लई जन तसंच वाचतात. कोरियावाले, फिलिपिन्सवाले, सगले. आनि आमचं पाटवनं तर नावं काडली तवाच डाकूंच्या भ्यानं कप्तानानं बंद केलं. मी त्या नकाशावर न्हायच."

मी खाटेवर बसलो. मी जिवाचं रान करून शोधत होतो आणि तो तिथं नव्हताच.

"बाबा? हायेस ना?"

"हाय."

"ते जहाज... आता कुटं हाय?"

मी न बघता सांगितलं. एडनच्या आखाताच्या तोंडाशी, वारा दक्षिणेचा, लाट बेताची, पाणी साडेएकोणतीस. सगळं घडाघडा सांगितलं.

"आनि तू?" मी विचारलं. "तुझ्या बंदराचं नाव काय?"

त्याने सांगितलं. मला कळलं नाही. म्हटलं, परत सांग. तो अक्षरं सुटी करून सांगायला लागला आणि दुसऱ्याच अक्षराला कार्ड संपून लाइन तुटली. रिसीव्हर कानाला लावून मी बराच वेळ बसलो. परत फोन येईल असं वाटलं. आला नाही.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. चहा झाला, टीव्ही लावला, बंद केला. मग चप्पल घातली.

खिडकीजवळची खुर्ची रिकामीच होती. ठिपका कालच्यापेक्षा थोडा पुढे गेला होता. कोणाचा कोण पोरगा, बादलीने पाणी वर ओढून त्याने रेघ बघितली होती आणि सगळ्या जगाला सांगितलं होतं, साडेअठ्ठावीस. त्याच्या घरी कोणी बघत होतं की नाही, देव जाणे. मी पडद्याजवळ वाकलो.

"जेवलास का रं?" मी विचारलं.