जब्बारचा पारवा

"डोकं मागे टाका. अजून मागे. आता गुळणी करा, आणि पाणी पिऊन टाकू नका. तहान लागली म्हणून बोलावलेलं नाही तुम्हाला."

श्यामला मॅडम दवाखान्यात पेशंटना बोलायला शिकवायच्या, पण पेशंटशी गोड बोलायचं त्या स्वतः काही शिकल्या नव्हत्या. जब्बारने मुकाट्याने डोकं मागे टाकलं. घशात कोमट पाणी खळखळलं आणि निम्मं शर्टावर सांडलं.

"जमेल," मॅडम म्हणाल्या. "जीभ निम्मी गेली, पण पडजीभ शाबूत आहे. हे पाणी घशात हलतंय ना, तसाच वारा हलवायचा. आधी पाण्याने, मग पाण्याशिवाय, मग बासरी तोंडाला लावून. आणि एवढी घाई कसली आहे?"

"मुलीचं लग्न आहे," जब्बार म्हणाला. बोलणं जड होतं, पण मॅडमना कळलं. त्यांनी पेला पुन्हा भरून पुढे केला.

जब्बार लग्नाच्या बँडमध्ये बासरी वाजवायचा. चकचकीत, धातूची, आडवी बासरी. ढोल-ताशांच्या आणि कर्ण्यांच्या दणदणाटात तिला कोण विचारतो? पण पाठवणीच्या वेळी बँडमास्तर सर्जेराव हात वर करायचे, सगळी वाद्यं गप्प व्हायची आणि जब्बार एकटा वाजवायचा. फुंकता फुंकता टाळूपाशी जीभ अशी थरथरवायचा की सूरच फडफडायला लागायचा, वळचणीला पारवा घुमावा तसा. बँडमध्ये त्याला 'पारवा'च म्हणत. कोथरूडच्या कार्यालयांत 'दुपारी एक ते चार वाद्ये बंद' अशी पाटी लावणारे व्यवस्थापकसुद्धा तेवढ्यापुरते बाहेर येऊन उभे राहायचे. तोवर कंबर कसून उभी असलेली मुलीची आई पारवा घुमला की ढसाढसा रडायची. सर्जेराव म्हणायचे, "जब्बारभाई, बायकांना रडवता तुम्ही आणि डोळे वटारतात माझ्यावर."

बँडवाल्यांची एक रीत होती. घरच्या मुलीची पाठवणी बापाने स्वतःच्या वाद्यावर करायची. सर्जेरावांनी त्यांच्या थोरलीची क्लॅरिनेटवर केली होती. रझिया तर लहानपणापासून ओठ फुरफुरवत अब्बांच्या पारव्याची नक्कल करायची आणि बजावायची, "माझ्या वेळी दोनदा वाजवायचा हं." जब्बारने कबूल केलं होतं.

मग तंबाखूने दावा साधला. डॉक्टरांनी जीव वाचवला, जीभ निम्मी नेली. बासरी पुन्हा वाजू लागली, बोलणंही परत आलं, पण त्यातला 'र' काही आला नाही. तो नसल्यावर पारवा कुठला? आणि रझियाचं नाव तरी कुठलं? जब्बार तिला नुसतं 'बेटा' म्हणू लागला. तिनेही कधी विचारलं नाही. खराडीचं स्थळ पक्कं झालं तेव्हा तो आपण होऊन श्यामला मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला.

मोमिनपुऱ्यातल्या जब्बारच्या दोन खोल्यांत मग दिवसभर गुळण्या सुरू झाल्या. त्याची बायको सुगराबी कोमट पाण्याचा गडू भरून आणायची आणि कुरकुरायची.

"अहो, किती धुणार तो घसा? शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे मोरी तुंबली का म्हणून."

जब्बार हसायचा, ठसकायचा, पुन्हा डोकं मागे टाकायचा. घसा सोलवटून निघाला. बासरी तोंडाला लावली की नुसती फुसफुस. त्याला खिजवल्यासारखी ती पेटीत चमकत पडून राहायची.

आणि एका दुपारी आला. खालच्या सुरात, खरखरीत, पण आला. रझिया पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

"अब्बा! अय्या, हा तर म्हातारा पारवा झाला!"

"असू दे की," जब्बार म्हणाला. "दोनदा वाजवीन, बेटा."

ती हसता हसता रडली आणि डोळे पुसताना गालाला पीठ लागलं. त्या दिवशी जब्बार दोन घास जास्त जेवला.

निकाह झाला, जेवणं उरकली. रुखसतीची वेळ झाली तसे सर्जेराव अख्खा बँड घेऊन हजर झाले. कोणी बोलावलं नव्हतं. जब्बारने नव्या कपड्यांवर बँडचा लाल कोट चढवला. गल्लीत गाडी उभी होती. रझिया सगळ्यांच्या गळ्यात पडून गाडीपाशी आली आणि दारावर हात ठेवून थांबली. सर्जेरावांनी हात वर केला. ढोल थांबले. गल्ली चिडीचूप झाली.

जब्बारने बासरी ओठांना लावली.

घसा दाटून आला होता. श्यामला मॅडमनी सगळं शिकवलं, तेवढं सांगायचं राहिलं, की नवा पारवा जिथे घुमायचा तिथेच रडूही येऊन बसतं. जीभ होती तेव्हा माणूस रडत रडतही वाजवू शकला असता. आता घसा मिटला तो मिटलाच. सूर सोडा, साधा वारासुद्धा धड निघेना. बोटं मात्र भोकांवर बरोबर पडत होती, एकही चुकत नव्हतं.

सर्जेरावांनी हात खाली घेतला नाही. ढोलवाला जमिनीकडे बघत राहिला. रझिया बापाच्या बोटांकडे बघत होती. ती थांबली, बराच वेळ थांबली. मग डोक्यावरची ओढणी सारखी करून गाडीत बसली. दार लागल्याचा आवाज साऱ्या गल्लीने ऐकला.

"वाजवा रे," सर्जेराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि ढोल सुरू झाले.

दिवेलागणीला पाहुणे पांगले. जब्बार लाल कोट न काढता खाटेवर बसून होता. सुगराबीने सवयीने गडू भरून आणला.

"घ्या. घसा सुकला असेल."

त्याने गुळणी केली, मोरीत थुंकला. मग हुंदका आला, आणि एकदा आला तो थांबेना. लेकीसमोर आवरून धरलेलं सगळं त्याने त्या मोरीपाशी उकिडवं बसून रडून घेतलं. सुगराबी पाठीवरून हात फिरवत राहिली. घसा मोकळा झाला तसं त्याने डोळे पुसले, पेटीतली बासरी काढली आणि फुंकली.

पारवा घुमला. गोल, भरदार, कधी नव्हता इतका स्वच्छ.

सुगराबी उठली. तिने गल्लीकडचं दार सताड उघडलं आणि पदर तोंडाला लावून ते धरून उभी राहिली. बाहेर रस्त्यावर तुडवलेली फुलं होती, बाकी कोणी नव्हतं. जब्बारने दोनदा वाजवलं, कबूल केल्याप्रमाणे. मग तिने हळूच दार लोटून घेतलं.