वासाची पुडी

"फुफ्फुसाला गंज चढतो," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गंज! फुफ्फुस म्हणजे काय सायकलची चेन आहे? पण माणूस फळ्यावर हौसेने रंगीत बाण काढत होता, म्हटलं काढू दे. विषाणू शिरला की शरीर त्याच्यावर आग ओकतं, त्या आगीत स्वतःचंच फुफ्फुस होरपळतं, आणि आपली अँटिऑक्सिडंट पूड ती आग विझवते. असं ते शास्त्र. सव्वीस वर्षं मी छातीच्या वॉर्डात सिस्टर आहे. अशा आगी विझवणारे ढिगाने पाहिलेत. दर चार वर्षांनी एक नवी पूड येते, टाळ्या घेते आणि कपाटात धूळ खात पडते. खोकला होता तिथेच आहे.

चाचणी अशी होती. साठ रोगी. निम्म्यांना खरी पूड, निम्म्यांना नुसती पांढरी भुकटी. प्रत्येकाच्या नंबरचा खोका, त्यातली पुडी दिवसातून तीनदा पाण्यात कालवून द्यायची. कुणाला काय मिळतंय हे ना रोग्याला कळायचं, ना डॉक्टरांना, ना मला. गुपित फक्त तळमजल्यावरच्या फार्मासिस्ट बाईला ठाऊक. तिचे डोळे कायम अर्धे मिटलेले, म्हणून आम्ही तिला 'डुलकी' म्हणायचो.

मला ते गुपित कळायला तीन मिनिटं लागली. खऱ्या औषधाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. कफ पातळ करायला हेच आम्ही कित्येक वर्षं देत आलोय. काही खोक्यांतली पुडी फोडली की नाकाला पदर लावायची वेळ यायची, काहींना वासच नाही. एवढी शिकलेली माणसं आणि एकालाही नाक नाही! मी गप्प बसले. माझ्या बापाचं काय जात होतं?

मग आठ नंबरच्या खाटेवर माझा धाकटा भाऊ आला. दोन्ही फुफ्फुसं धरलेली, बोलता बोलता धाप लागायची. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे नातं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानेही चाचणीच्या कागदावर सही केली. "ताई, कुणाचं तरी भलं होईल," म्हणाला. भोळसट, लहानपणापासून तसाच.

त्याची पहिली पुडी मी फोडली. वास नाही. शेजारच्या नऊ नंबरवर एक निवृत्त मास्तर होते, चित्रकला शिकवायचे. त्यांची पुडी फोडली आणि खोलीभर दुर्गंधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. ओठ निळसर पडलेले. ज्या पुडीला मी सहा महिने नावं ठेवली, तीच मी मास्तरांच्या खोक्यातून उचलली आणि भावाच्या ग्लासात ओतली. भावाची बिनवासाची मास्तरांच्या ग्लासात. क्षणभरसुद्धा विचार केला नाही, तेही सांगून टाकते.

"ताई, हे काय? सडलंय हे!"

"नाक दाब आणि पी."

मास्तरांनी ग्लास रिकामा केला आणि माझ्याकडे बघून हसले. "सिस्टर, आज वास नाही. चव सुधारली वाटतं?"

"नवा माल आलाय."

"बरं झालं. तुम्ही आमचं किती बघता हो!"

सहा दिवस मी हेच केलं, दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी कागदावर 'ज्याची पुडी त्याला दिली' या ओळीपुढे खूण करायची. मी ठळक खुणा केल्या. तेवढ्या दिवसांत या दोघांची गट्टी जमली. भाऊ जरा बसू लागला तसा मास्तरांशी बुद्धिबळ खेळायचा. दोन खाटांमध्ये स्टूल, त्यावर पट. मास्तर मुद्दाम हरायचे. आठवड्याने भाऊ घरी गेला. बाराव्या दिवशी मास्तर गेले. त्यांची बायको चष्मा आणि पट न्यायला आली, तेव्हा माझे हात धरून म्हणाली, "ते सांगायचे, सिस्टरने माझ्यासाठी औषध गोड करून आणलं." मी "बसा, पाणी घ्या" असलं काहीतरी पुटपुटले.

चार महिन्यांनी बैठक झाली. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उतरलेला. दोन्ही गटांत काडीचा फरक नव्हता. झाला गंज साफ! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग डुलकी उठली.

"वासाबद्दल सांगायचं राहिलं. खऱ्या औषधाचा वास मी कणांवर लेप देऊन झाकला होता. मग दोन्ही गटांतल्या निम्म्या-निम्म्या खोक्यांत तसलाच वास मुद्दाम मिसळला. वॉर्डात नाकाने ओळखणारं कुणीतरी असतंच ना."

तिने यादी फिरवली. भावाच्या खोक्यापुढे: भुकटी. मास्तरांच्या खोक्यापुढे: भुकटी.

मला हसूच फुटलं. सुटले बाई! मास्तरांचं मी काहीच हिरावलं नव्हतं. चार महिने छातीवर ठेवलेला दगड, आणि निघाली काय, तर भुकटी. तिथून निघाले ती तडक भावाकडे. तो जेवत होता, वहिनी वाढत होती. मी सगळं सांगितलं, मास्तरांची नक्कल करून, डुलकीचे डोळे करून. वहिनी हसली. तो हसला नाही.

"ताई, तू पुड्या बदलल्यास, तेव्हा तुला माहीत होतं, दोन्ही खोट्या आहेत ते?"

"नाही. कसं माहीत असणार?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"मग माझ्यापुढे हसू नकोस."

तो उठून हात धुवायला गेला. दारात एकदा थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. सव्वीस वर्षं मी सगळ्यांकडे तशीच बघत आले होते.