मधली खुर्ची

मृण्मयीच्या पोटात दुखायचं आणि का दुखतं ते कुणालाच कळत नव्हतं. आईने सोनोग्राफी करून घेतली. बाबांनी पत्रिका मांडून राहूवर खापर फोडलं. राहू बिचारा उगाच बदनाम झाला.

बाबा, म्हणजे शामसुंदर गुरुजी, रोज नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पूजा सांगायला जायचे. परक्यांच्या घरातल्या मेलेल्या माणसांची नाराजी दूर करण्यात त्यांचा हातखंडा होता. घरातल्या जित्याजागत्या बायकोशी मात्र अबोला! कारण काय, तर आईच्या भावाने नव्या फ्लॅटची वास्तुशांत दुसऱ्याच गुरुजींकडून करून घेतली. घरचा जावई गुरुजी असताना! मृण्मयी तेव्हा तिसरीत होती. आता ती नववीत होती.

मधल्या काळात घराचं टपालखातं तिच्याकडे आलं.

"मृण्मयी, आईला विचार, भाजीत घालायला मीठ संपलं होतं का?"

"बाबांना सांग, जीभ तपासून घ्या म्हणावं."

दोघं एकाच टेबलाशी बसलेले. तरी मृण्मयी इमानेइतबारे सांगायची, "बाबा, आई म्हणते, उद्या नीट घालते." अशी साखर पेरून पेरून पोरगी मुत्सद्दी झाली होती.

आता पंचाईत वेगळीच होती. गंगापूर धरणावर ती बोट वल्हवायला शिकायची आणि हात असा चालायचा की शिकवणारे सर खूश. रविवारपासून पुण्यात चार दिवसांचं निवड शिबिर होतं. तिला जायचं होतं, जीव तोडून जायचं होतं. पण आपण गेलो तर ही दोघं बोलणार कशी? म्हणून तिने आईला सांगितलं, "बाबा नको म्हणतात," आणि बाबांना सांगितलं, "आई नको म्हणते." त्या रात्रीपासून पोट जास्तच दुखू लागलं.

शेवटी शाळेतल्या बाईंनी तिघांना कॉलेज रोडवरच्या उज्ज्वला मॅडमकडे पाठवलं. मॅडम समुपदेशक होत्या. मृण्मयी सवयीने मधल्या खुर्चीत बसली.

"मृण्मयी, मॅडमना सांग, तुझ्या आईचा स्वभाव..." बाबांनी सुरुवात केली.

"मृण्मयी, तू बाहेर बस," मॅडम म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर बसून तिने कान लावले. मग बाबांचा आवाज आला, "मॅडम, हिला सांगा..."

"मी निरोप पोचवत नाही."

"मग फी कशाची घेता?"

"फी मी भरलीय!" आई कडाडली. थेट बाबांवर.

"त्या दुसऱ्या गुरुजींची दक्षिणाही तूच दिली असशील!"

झालं. सहा वर्षांचं तुंबलेलं भांडण धोधो वाहू लागलं. मृण्मयी पोट धरून उठली. आत जावं, काहीतरी गोड सांगावं. तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

"आणि पोरीला पुण्याला नको म्हणालीस!"

"मी? नको तुम्ही म्हणालात!"

"मी कधी म्हणालो?"

दार उघडलं. आईबाबा खांद्याला खांदा लावून उभे होते आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बहुधा त्यांचं एकमत झालं होतं.

"खोटं बोललीस?" दोघं एकसुरात म्हणाले.

मृण्मयीचे डोळे भरले. "मग काय करू? मी गेले तर तुम्ही चार दिवस एकमेकांशी बोलणार कसे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. फार लाज वाटली दोघांना.

"अहो," आई म्हणाली, "रविवारी पहाटे तिला बसस्टँडवर सोडायला स्कूटर काढाल ना?"

"मृण्मयी, आईला सा..." बाबा थांबले. मग ते आईकडे वळले.

"काढतो," ते म्हणाले. "तूही चल."