माना खाली असताना

तळहातावरचा, पक्ष्याच्या पायात घालायचा ॲल्युमिनियमचा वाळा अंगठीहून जरासा मोठा होता, आणि त्यावरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे ठाऊक असूनही विल्डा क्रेब्स तो वाचत बसली होती—नजर उचलली की समोर बर्फातलं शेत दिसणार, भरडलेल्या मक्याची रांग दिसणार, आणि रांगेमागे घडी घालून ठेवलेलं जाळं. गेल्या फेब्रुवारीतही हेच शेत होतं. हाच कापडी आडोसा, शेजारी हाच एमेट, पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या खात्यात तिच्याबरोबर बारा हिवाळे काढलेला.

"आल्या," तो कुजबुजला.

ओकच्या रानातून रानटी टर्की पक्ष्यांच्या माद्या एकीमागे एक शेतात उतरल्या. नऊ. विल्डाने वाळा खिशात टाकला, बटणाची पेटी मांडीवर घेतली. बटण दाबलं की बारूद पेटते आणि जाळं पक्ष्यांवरून झेपावतं. म्हणून सगळ्यांच्या माना खाली असतानाच दाबायचं. गेल्या वर्षी एकीची मान वर होती. जाळ्याची कड तिला लागली. एमेटनेच तिला बर्फातून उचललं, मेलेली. "अचानक वर केली रे तिनं मान," विल्डा म्हणाली होती. अहवालातही तेच लिहिलं.

अचानक नाही. मी बघतच नव्हते. खिशातला फोन थरथरला—इतक्या सकाळी आईच्या वृद्धाश्रमाशिवाय कोण करणार—आणि ते काय सांगणार हे कळलं, आणि बोट... आदल्याच रविवारी आईने विचारलं होतं, कधी येतेस? पक्षी संपले की येते, असं मी म्हणाले. "पक्षी काय गं संपतात?" आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

"दाब की," एमेट म्हणाला.

"थांब. ती कडेची बघतेय."

"अगं, माझी बोटं गळून पडली. उन्हाळ्यापर्यंत दाबशील ना?"

कडेची मादी मान ताठ करून उभी होती. आठ जणी खात होत्या, ती नाही. विल्डाच्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं तरी तिने पापणी हलू दिली नाही. किती वेळ, कोण जाणे... मग ती मान सावकाश खाली आली, मक्याला टेकली, आणि विल्डाने बटण दाबलं.

धडाम झालं, धूर झाला, दोघं धावत सुटली. नऊच्या नऊ जाळ्याखाली फडफडत होत्या, जिवंत. एकेकीला सोडवून पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलं. पहिली विल्डाने काखेत घेतली, डोळ्यांवर कापडी टोपी चढवली. कोटाच्या जाडीतूनही तिचं काळीज धडधडताना कळत होतं. एमेटने पक्कडीने पायात वाळा दाबून बसवला.

"गेल्या वर्षीची," विल्डा म्हणाली, "तिची मान आधीपासूनच वर होती. मी बघितलं नव्हतं."

एमेटने वही काढून आकडा लिहिला. "फोन आला होता तुला. मी शेजारीच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी आई गेली होती, विल्डा." त्याने वही मिटली. "अहवाल बदलायचा?"

"हो."

"बरं. पाय नीट धर तिचा, लाथ मारेल."

वजन झालं, पाठीवर माग काढायचा छोटा ट्रान्समीटर बांधला. टोपी काढून विल्डाने तिला खाली ठेवलं. चार पावलं पळून मादी उडाली आणि रानात दिसेनाशी झाली.

वर्षभर रडू यायचं ते त्या मेलेल्या मादीचा उघडा डोळा आठवून—गाडी चालवताना, भांडी घासताना; आईच्या दफनाच्या दिवशी मात्र लोकांनी आणलेल्या जेवणाची पातेली तिने कोरड्या डोळ्यांनी ओट्यावर ओळीने लावली होती. आताही तो डोळा आठवेल म्हणून ती तशीच उकिडवी बसून राहिली. डोळा आठवला नाही. आठवले ते आईचे पाय, शेवटच्या महिन्यात सुजलेले, मोजे न चढणारे, आणि मोजे चढवताना दर वेळी आपण केलेली ती घाई...

"दुसरी घेऊ?" खोक्याचं झाकण धरून एमेटने विचारलं.

तिला हो म्हणायचं होतं. हात मात्र मांडीवरच राहिले.