वाकायचं नाही

नवऱ्याच्या, भूपेशच्या मरणाचं सगळं साधनानं पचवलं होतं, निदान लोक तरी तसंच म्हणत. एक गोष्ट मात्र काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. त्या दिवशी तरी त्यानं चपला घालायला काय झालं होतं?

सावली या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला चिकटून असलेल्या त्यांच्या गावात सगळे चपलाच घालतात, नाहीतर अनवाणी हिंडतात. चपलेला लेस नसते. लेस नसली की ती सुटत नाही आणि माणसाला वाटेत वाकावं लागत नाही. जंगलाच्या कडेला वाकायचं नाही, हे तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, वाकलेला जनावर दिसतो. मोहफुलं वेचायला, गवत कापायला बाया जोडीनं जातात त्या याचसाठी. एक वाकते, दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहते आणि झाडीवर नजर ठेवते. थोड्या वेळानं पाळी बदलते. आजी-पणजीपासून असंच चालत आलंय, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

भूपेशलाही हे ठाऊक होतंच. ढिवरांच्या घरचा माणूस, निम्मं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात आणि निम्मं धानाच्या बांध्यांत गेलेलं. पण त्याला पुस्तकांचं वेड होतं. गावात दारूचं वेड खपतं, सट्ट्याचं खपतं. पुस्तकांचं वेड म्हटलं की शेजारची सुगंधाबाई बायकोला बाजूला घेऊन विचारते, "याले दाखवलं का कुठी?" सावलीच्या वाचनालयातून तो प्रवासाची पुस्तकं आणायचा. नेपाळ, भूतान, तिबेट, लडाख. संध्याकाळी साधना जाळं विणत बसायची आणि तो तिला वाचून दाखवायचा. तिकडे मठात लोण्याचे दिवे लावतात, वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवून पुढे जातात, चहात साखरेच्या जागी मीठ घालतात.

"मंग मासोळीत साखर घालत असन," साधना म्हणायची. तो हसायचा आणि पान उलटायचा.

त्याचा मोठा भाऊ खुशाल ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होता. दोघा भावांचं केव्हाचं ठरलेलं, खुशाल रिटायर झाला की नेपाळात जायचं, उंच खिंड पायी ओलांडून मुक्तिनाथाला. रिटायरमेंट जवळ आली तसे फोन वाढले. खुशालनं डोंगरवाटांवर नेणाऱ्या एका ग्रुपकडे दोघांची नावंही नोंदवली. पुस्तकात लिहिलं होतं की नवे बूट आधी घरीच वापरून पायात मुरवावेत आणि पाठीवर वजन घेऊन रोज पहाटे चालावं. खुशालनं चंद्रपुरातून एकसारखे दोन जोड घेतले, एक भावाला पाठवला. भूपेशनं सॅकमध्ये वैनगंगेतले गोल धोंडे भरले आणि गावाबाहेरच्या टेकडीच्या वाटेनं चालायला लागला. ऐन थंडीत, धुक्यात, अंगात भूत शिरल्यासारखा.

"एकटे नका जाऊ," साधना म्हणाली होती.

"तिथी डोंगरात का गाव घेऊन जाऊ संग?" तो म्हणाला होता.

पौषातल्या एका सकाळी तो परत आला नाही. लोक काठ्या घेऊन, डबे वाजवत गेले, तेव्हा तो वाटेपासून थोडा आत पडलेला होता. पायात बूट तसेच होते. एकाची लेस नीट बांधलेली होती. दुसऱ्याची सुटलेली होती.

वाघानं जिथं माणूस नेला तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड टाकायचा, अशी त्या गावाची रीत आहे. मेलेला माणूस वाटेवर एकटा पडू नये म्हणून. दगडही उभ्या उभ्याच टाकायचा, वाकून ठेवायचा नाही. त्या दिवशी लोकांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी भूपेशच्या सॅकमधलेच धोंडे काढून टाकले. ढिगाच्या तळाशी ते अजून आहेत, नदीचे, गुळगुळीत, बाकीच्या दगडांत उपरे दिसणारे.

बूट आणि सॅक घरी आली. साधनानं बूट धुऊन माळ्यावर टाकले. फेकायला हात होईना आणि डोळ्यांसमोर ठेवायला जीव होईना.

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली आणि एका सकाळी बूट माळ्यावर नव्हते.

पियुष तिचा एकुलता एक पोरगा. सावलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसलेला, अंगापिंडानं हुबेहूब बाप. ऊन चढल्यावर तो अंगणात आला तो पायात तेच बूट आणि पाठीवर तीच सॅक. साधना दारात उभी होती.

"कुठी गेलता?"

"चालाले."

"कोनाले विचारून?"

"बाबाची जागा खालीच हाय," तो सॅक उतरवत म्हणाला. "मोठेबाबा म्हनते तू चाल. दिवाळीच्या आधी निंगाचं हाय."

त्या दिवशी साधनानं पोराला पोटभर वाढलं आणि आपण ताटावर बसली नाही. पोराच्या या मोठेबाबाचा, खुशालचा, तिला इतका संताप आला की नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा म्हणून जपलेली मर्यादा गेली चुलीत असं तिला वाटलं. भाऊ खाऊन पोट भरलं नाही, आता पोरगा मागतो.

रविवारी खुशाल आला. टेकडीची वाट जवळची असूनही तो लांबच्या डांबरी रस्त्यानं आला होता, हे तिनं पाहिलं. अर्ध्या वर्षात माणूस पार खंगला होता. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दाराच्या चौकटीकडे तोंड करून बोलली, रीतीप्रमाणे. पण बोलली ते सरळ.

"भाऊजी, मी पोराले पाठवत नाई."

"नको पाठवू," खुशाल म्हणाला. "मी बी कॅन्सलच करून राह्यलो होतो. पन तो ऐकते कुठी. मी नाई नेलं तं एकटा जाईन म्हनते. रोज पहाटे फिरून राह्यला थो, मले फोनवर सांगते. मलेच झोप नाई येत."

साधनानं मग विचारलं, "तिथी तो हाय का?"

कोण तो, हे खुशालला विचारावं लागलं नाही. त्या गावात वाघाचं नाव कुणी घेत नाही.

"इतक्या उंचावर नाई. वरतं तं झाडच नाई, मंग तो कुठचा."

"मंग घेऊन जा," साधना म्हणाली.

खुशाल तिच्याकडे बघतच राहिला. तिचं म्हणणं साधं होतं. जिथं झाड नाही तिथं तो नाही, आणि जिथं तो नाही तिथं तिचा पोरगा जितका लवकर पोचेल तितका बरा. मधले दोन-तीन महिने तेवढे निभवायचे होते.

ते तिनं कसे निभावले हे गावानं पाहिलं आणि नावंही ठेवली. पोराला चालू नको म्हणण्यात अर्थ नव्हता, बापाचाच हट्ट होता तो. म्हणून ती त्याच्या मागून चालायला लागली. हातात काठी आणि जर्मनचा गंज, म्हणजे घरातलं अॅल्युमिनियमचं पातेलं; पावला-दोन पावलांनी काठीनं गंज वाजवायचा. पुढे तो सॅक घेऊन, मागे ती. झाडीतला तो मागच्याला नेतो असं म्हणतात, म्हणून मागे तीच.

"माय, तू कायले येऊन राह्यली? लोक हासतात," पियुष म्हणायचा.

"हासू दे. मले बी पाय मोकळे करा लागते."

निघण्याआधी अंगणात त्याला खाटेवर बसवून ती त्याच्या बुटांच्या लेस स्वतः बांधायची. जाळं विणताना मारतात ती गाठ. पाण्यात भिजली, मासा तडफडला, तरी ती सुटत नाही. घरी आल्यावर ती सोडायला तिलाच बसावं लागायचं, नखं दुखेपर्यंत. पण वाटेत पोराला कधी वाकावं लागलं नाही. ढिगाजवळ दोघंही थांबायची, एकेक दगड उभ्यानंच टाकायची आणि पुढे व्हायची.

दुपारी तो झोपला की ती भूपेशची पुस्तकं काढायची. वाचनालयानं ती परत मागितली नव्हती, मेलेल्या माणसाच्या घरी मागायला कोण येणार. सातवीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून वाचायची. मठ, सण, डोंगरावरची पहाट, ती पानं ती भराभर उलटायची. तिला हवं होतं ते वेगळंच, तिथं माणूस कशाकशानं मरतो ते. उंचावर डोकं दुखलं तर थांबावं, वर चढू नये, सोबत्यापासून लपवू नये. वाटेत याक आले तर डोंगराच्या अंगाला उभं राहावं, दरीच्या अंगाला राहू नये. हे सगळं ती संध्याकाळी पोराकडून पाठ म्हणून घ्यायची.

एका पानावर ती अडली. खिंडीच्या माथ्यावर दगडांचा ढीग असतो, असं तिथं होतं. येणारा प्रत्येक वाटसरू त्यावर आपला एक दगड ठेवतो. साधनानं ते पुन्हा वाचलं, मग पियुषला फोन लावायला लावून खुशालला विचारलं.

"तिथी कोनाले नेलं होतं?"

"नाई वो," खुशाल म्हणाला. "थो देवाचा हाय. वरतं सुखरूप पोचलो म्हनून ठेवतात."

तिनं फोन परत दिला. पोचलो म्हणून दगड ठेवणारी माणसंही जगात असतात, हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिला त्या सगळ्यांचा हेवा वाटला.

निघायच्या आठवड्यात पियुष तिच्याजवळ घुटमळायला लागला. काहीतरी पोटात आहे हे तिनं ओळखलं.

"ग्रुपवाला म्हनते, सिझनभर आमच्यासंग राह्य. मंग मनालीकडे कॅम्पवर काम देते. इथी काय हाय, माय?"

इथं मी आहे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. धान निसवत आलं होतं, कापणीला माणूस हवा होता, तलावाच्या लिलावात घराचा वाटा होता. पण इथं टेकडीची वाटही होती.

"राह्य," ती म्हणाली. "तिथीच राह्य."

पियुषला वाटलं होतं ती रडेल, अडवेल. तिनं इतक्या पटकन जा म्हटलं याचं त्याला वाईट वाटलं. तिनं ते पाहिलं आणि त्याला काहीही समजावून सांगितलं नाही.

गोरखपूरची गाडी बल्लारशाहहून होती. आदल्या दिवशी मायलेक ऊर्जानगरला खुशालच्या क्वार्टरवर उतरली. सकाळी चुलतभावंडांसमोर आईकडून लेस बांधून घ्यायची पियुषला लाज वाटली, त्यानं आपल्या हातानं शहरी गाठ मारली. स्टेशनवर ग्रुपची माणसं जमली होती, नागपूरची, चंद्रपूरची, रंगीत जॅकेटं कमरेला बांधलेली, फोटो काढणारी. प्लॅटफॉर्मवर चालता चालता पियुषची लेस सुटली.

साधना खाली बसायला गेली.

"राहू दे ना माय, लोक पाहून राह्यले," तो पुटपुटला आणि भली मोठी सॅक पाठीवर तशीच ठेवून स्वतः वाकला.

साधना गर्रकन वळली. पोराच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि समोर बघायला लागली. समोर चहावाला होता, बाकावर पेंगणारा म्हातारा होता, पाण्याच्या नळापाशी बायांची गर्दी होती. ती एकेकाकडे डोळे ताणून बघत होती. कुणीतरी हसलं. खुशाल हसला नाही, त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि चष्मा काढून पुसत राहिला. पियुष उठून उभा राहिला तेव्हा त्याला पाठीशी आईची पाठ लागली. तेव्हा कुठं त्याला कळलं असावं, कारण गाडी येईपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नाही.

गाडी सुटताना तो दारात उभा होता. आईनं काहीतरी सांगावं म्हणून वाट बघत होता.

"तिथी वाकलं तरी चालते," साधना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती परतली. फाट्यावरून गावाला जायची जवळची वाट टेकडीचीच. तिथं उतरणारे चार लोक जमेपर्यंत थांबतात आणि मग मिळून निघतात. साधना थांबली नाही. काठी आणि गंज घरीच होता. वाटेत धानाला लोंब्या आल्या होत्या, हवेत त्यांचा ओला वास होता, आणि झाडीत कुठंही काही हलत नव्हतं.

ढिगाजवळ ती आली. हातात दगड होता, बल्लारशाहला रुळाच्या कडेचा उचललेला. पोरगा सुखरूप निघाला होता. आता ज्याच्या मागं चालावं, ज्याच्यासाठी उभं राहावं असं गावात कुणी उरलं नव्हतं, आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभं राहणारंही कुणी नव्हतं. जो होता तो या दगडांखाली होता.

साधना वाकली.

दगड तिनं टाकला नाही, दोन्ही हातांनी ठेवला. घसरलेले दोन दगड नीट लावले. खालून नदीचा एक गोल धोंडा डोकावत होता, त्यावरची माती पदरानं पुसली. तिला घाई नव्हती. मागे झाडीत वाळकं पान वाजलं तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घराकडे चालायला लागली.