जर्मनीत जुळलं म्हणे!

"अगं, जुळलं! जर्मनीत जुळलं! पंधरा तारखेला बघायला येणारेत. आता आबांना कसं सांगू की…"

एवढं कानावर पडलं आणि माझं झाकण लागलं.

मी चंदनबालाअक्कांचा कडीचा डबा बोलतोय. भांड्याला कान असतात ते उचलायला. माझे ऐकायलाही चालतात. अडचण एकच, झाकण लागलं की आत काही येत नाही. त्यामुळं माझ्याजवळ बातम्या भरपूर आहेत, पण बहुतेक निम्म्याच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पत्र्याला कसली शुद्ध? शुद्धीवर आलो तो सांगलीतल्या भांड्यांच्या दुकानात, नाव घालताना. मशीनची सुई पोटावर फिरायला लागली की कुणीही शुद्धीवर येईल. मदनराव चौगुल्यांनी मजकूर दिला होता, ‘सौ. चंदनबाला मदन चौगुले, सांगली’. सुई ‘सांग’पर्यंत आली आणि लाईट गेली. मदनराव हळदीचे व्यापारी, त्यांना घाई. मला तसाच उचलून घरी आणलं. तेव्हापासून माझ्या पोटावर ‘सांग’ कोरलेलं आहे. आता तुम्हीच बोला, मी गप्प बसायचं तरी कसं?

अक्कांचं घर विश्रामबागेत. मागच्या अंगाला दोन भाड्याच्या खोल्या. तिथं दोन वर्षांपूर्वी राहीबाई पिसाळ राहायला आल्या, लेकीच्या शिक्षणासाठी. लेक राजनंदिनी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात. राहीबाईंचे मालक केरबा पलटणीतून रिटायर झालेले. ते कराडला लागून मलकापूर आहे ना, तिथं राहून ऊस बघतात.

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा. मी भडंग घेऊन जायचो, काकवी घेऊन यायचो. मेथकूट घेऊन जायचो, भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचो. कुणाच्या घरात डोकावायची मला सवय नाही. मला नेतातच आत, त्याला मी काय करू?

एकदाच घोटाळा झाला. ऐन चातुर्मासात राहीबाईंनी विसरून लसणाची चटणी भरून दिली. अक्कांच्या घरी कांदा-लसणाला त्या चार महिन्यांत उंबराही ओलांडता येत नाही. मला तीन दिवस चिंचेनं घासलं, उन्हात पालथा घातला. राहीबाई दारात येऊन रडवेल्या झाल्या, "अक्का, ध्यानातच ऱ्हायलं न्हाई वो."

"जाऊ द्या वो. डब्याला काय कळतंय?" अक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "चटणी बाकी वासावरनं झकास वाटली हां."

तर अशा या अक्का माझ्यात भडंग भरून मागच्या दारी गेल्या होत्या, सुरुवातीची ती बातमी त्या वेळची. राजनंदिनी नळापाशी उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. अक्का दचकल्या. पोरीच्या खाजगी गोष्टी ऐकू नयेत म्हणून त्यांनी माझं झाकण लावलं. स्वतःच्या कानाला झाकण नसल्यामुळं त्या आणखी थोडा वेळ थांबल्या, पण पोरगी तोवर रस्त्याकडं निघून गेली होती.

अक्का वाईट नाहीत हो. त्यांच्या पोटात बातमी राहत नाही, एवढंच. पिठाच्या गिरणीत त्यांनी एकट्या रंगुबाईंना सांगितलं, तेही शपथ घालून. रंगुबाईंचं माहेर कराडचं. तिसऱ्या दिवशी बातमी मलकापुरात पोचली, तोवर नवरदेवाची उंची सहा फूट झाली होती. डोळे निळे झाले होते. वाटेत कुणीतरी त्याला माळकरीसुद्धा करून टाकलं होतं.

संध्याकाळी राहीबाईंचा फोन वाजला. अक्का नेमक्या तिथंच होत्या, आणि मी त्यांच्या हातात, उघडा.

"काय चाललंय गं तितं?" केरबांचा आवाज एवढा, की फोन नसता तरी मलकापुरातून ऐकू आला असता. "राजूला मागनी घालनारं विट्याचं पावणं माघारी गेलं! कोईमतूरला सोनं गाळायचं सवताचं दुकान हाय पोराचं. म्हनत्यात, तुमच्या पोरीचं जर्मनीत जुळलंय!"

"आवं, काय बोलताय?" राहीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पंधरा तारखेला बगायला येनारेत न्हवं? येऊ द्या. मी बी येतो. कोन जर्मन हाय ते बगतो. आन् कॉलेजचा कसला फारम हाय म्हनलीस न्हवं, त्येच्यावर माजी सही मिळनार न्हाई. सांगून ठेव!"

फोन बंद झाला. राजनंदिनीनं दप्तरातला फॉर्म काढून आईपुढं धरला.

"आई, सही न्हाई मिळाली तर माझी जागा गेली. सोळा तारीख शेवटची हाय."

"पर कोन हाय त्यो?"

"कुणी न्हाई गं! विषय जुळल्यात, विषय! आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका कॉलेजशी करार झालाय. दोन वर्षं हितं शिकायचं, दोन वर्षं तिथं. चारी वर्षं तिकडं शिकायचं आपल्याला कुठलं झेपायला? म्हणून तर ही सोय. हितं पास झालेलं ते तिथं धरत्यात. माझं सगळं जुळलं, एक सोडून. पंधराला तिथल्या मॅडम आमची लॅब बघायला येणारेत."

"धरत्यात म्हंजी?"

उत्तर अक्कांनी दिलं. मला वर धरून. "अहो राहीबाई, डब्यासारखंच की! हितनं भरून नेला, तर तिकडं कोण म्हणतंय का, आधी वता, आन् पहिल्यापासनं भरा?"

माझ्याबद्दल एवढं शहाणपणाचं कुणी कधी बोललं नव्हतं. पण लगेच अक्कांचा चेहरा उतरला. "म्हणजे... नवरदेव न्हाईच?"

"न्हाई, काकू."

"मग मी गिरणीत काय सांगून आले गं बाई!"

त्यानंतर तिघींनी केरबांना आळीपाळीनं फोन केले. "फोनवर काय बी सांगशीला," म्हणून ते ठेवून द्यायचे. अक्कांनी प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस गोड सोडलं. गिरणीत जाऊन बातमी मागं घ्यायचाही प्रयत्न केला. पण बातमी म्हणजे दळण. एकदा पीठ झालं, की परत गहू होत नाही. रंगुबाई म्हणाल्या, "आता मोडलं व्हय? अरेरे. चांगला माळकरी होता."

पंधरा तारखेला केरबा सकाळच्या एसटीनं आले. कडक इस्त्री, पीळदार मिशा. दाराकडं तोंड करून खुर्चीत बसले, जणू चौकीवर ड्युटी लागलीय. ज्या मुलींच्या घरून सही अडली होती, त्यांच्या घरी या जर्मन मॅडम लॅब बघून झाल्यावर स्वतः जाऊन भेटणार होत्या. अक्कांनी पोहे करून माझ्यात भरले, वाफ धरू नये म्हणून झाकण शेजारी काढून ठेवलं. चातुर्मास सुरू असल्यामुळं कांदा नाही. बघायच्या कार्यक्रमाला बिनकांद्याचे पोहे म्हणजे निम्मा अपशकुनच, असं मला वाटलं. पण मला कोण विचारतो?

चारच्या सुमारास गाडी थांबली. कॉलेजचे सर उतरले. मागून साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, जाड बुटांची एक बाई उतरली. केरबांनी तिच्या मागं पाहिलं. मग उठून गाडीच्या काचेतून आत पाहिलं.

"नवरदेव कुटं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाईच की! चार दिस झालं तेच सांगतीया," राहीबाई दात आवळून म्हणाल्या.

बाईंचं नाव इंग्रिड. राहीबाईंना ते ‘इंगळी’ ऐकू आलं आणि त्यांनी साडी सावरून विंचू दिसल्यासारखे पाय जरा मागं घेतले. पण बाई गोड. दोनदा पोहे मागून घेतले. राजनंदिनीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, पुढं काय करायचं विचारलं. केरबांची तर खात्रीच पटली, की हा बघायचाच कार्यक्रम आहे.

"बाईंचा मुलगा काय करतोय?" त्यांनी सरांना विचारलं.

सरांनी इंग्रजीत विचारून सांगितलं, "त्यांना मुलगा नाही. दोन मांजरं आहेत."

केरबा विचारात पडले. एवढ्यात सर सहज म्हणाले, "मॅडम तिथं गिअर शिकवतात."

"गेर?" केरबांची मिशी वर झाली. "गेरबाक्स?"

केरबांनी बावीस वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात ट्रक दुरुस्त केलेले. त्यांनी पुढं सरून माझं झाकण उचललं. इंग्रिडबाईंनी पोह्यांची ताटली पुसून घेतली. झाकणाला ताटली भिडवून दोघं फिरवायला लागले. केरबा "हाफ टन, फुल लोड, कडाक!" असं काहीतरी म्हणायचे, आणि बाई मान डोलावून जर्मनमध्ये "कडाक" म्हणायच्या. सर भाषांतर करायला गेले, तर दोघांनीही त्यांना हातानं गप्प केलं. माझ्या झाकणाचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

मग केरबांनी झाकण खाली ठेवलं.

"एकच इच्यारायचं हाय. पोरगी माघारी येनार का?"

"हो हो, नक्कीच…" सर म्हणाले.

"तुमी नगा, सर. राजू, तू इच्यार. आन् त्या जे बोलतील तेच सांग. इकडचं तिकडं न्हाई."

राजनंदिनीनं विचारलं. बाईंनी ताटली खाली ठेवून उत्तर दिलं. राजनंदिनीनं आधी हातातल्या फॉर्मकडं बघितलं. एक खोटं वाक्य बोलली असती, तर सही मिळाली असती, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

"आबा, त्या म्हणत्यात..." ती केरबांकडं वळली. "आमी वचन देऊ शकत न्हाई. काही पोरी माघारी आल्या, काही न्हाई आल्या. ते तुमच्या लेकीनं ठरवायचं, म्हणत्यात."

सरांनी कपाळाला हात लावला. राहीबाईंनी पदर तोंडाशी नेला. अक्कांनी माझी कडी घट्ट धरली.

केरबा जमिनीकडं बघत होते. "मी अठरा वर्साचा भरतीला निगालो, तवा माज्या आयनं सायबाला हेच इच्यारलं हुतं. सायेब म्हनला, येतंय की, घोर करू नगा. लायनीत समद्यांच्या आया हुत्या. त्यो समद्यांस्नी त्येच म्हनत हुता."

मग मान वर करून ते म्हणाले, "ही बाई खोटं बोलली न्हाई. आन् माजी पोरगी बी न्हाई. पेन आन गं."

सही झाली. अक्का सगळ्यांत मोठ्यानं रडल्या.

आता तो न जुळलेला एक विषय. आठ आठवडे कारखान्यात हातानं काम केल्याचा दाखला लागतो, आणि राजनंदिनीचे तीन आठवडे कमी होते. बाई म्हणाल्या, चांगला मिस्त्री सही करत असेल तर कुठलंही वर्कशॉप चालेल. केरबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या भावकीतल्या नानासोचं ट्रॅक्टर गॅरेज हाय की मलकापुरात!"

त्यामुळं सध्या मी मलकापुरात आहे. राजनंदिनीचं दुपारचं जेवण माझ्यात येतं. पान्यांच्या पेटीवर बसतो, अंगाला डिझेलचा वास येतो. अक्कांनी मला आता बघितलं, तर चिंचेचं झाड कमी पडेल. विट्याचे पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. त्याबद्दल राजनंदिनीनं जाताना अक्कांना गुपचूप पेढे दिले.

जर्मनीची नवरी बघायला रोज दोन-चार बाया गॅरेजात येतात. त्यांना ट्रॅक्टरखालून बाहेर आलेले दोन पाय दिसतात. "हीच काय?" म्हणून विचारतात, आणि पाय "व्हय!" म्हणतात.

केरबा इंग्रिडबाईंना आता ‘विहीणबाई’च म्हणतात. दर रविवारी त्यांचा मेल येतो, किती काम झालं विचारायला, आणि केरबा तो लेकीकडून दोनदा वाचून घेतात.

तेव्हा बायांनो, अक्कांच्या वतीनं एक विनंती आहे. ती अफवा सबंध पुसू नका. पोरीचं जर्मनीत जुळलं, हे खरं आहे. पाहुणे बघून गेले, पोरगी पसंत पडली, सप्टेंबरात पाठवणी आहे, हेही खरं. सोयरीक झाली, विहीण मिळाली. फक्त नवरदेवाचं तेवढं खोडा. आणि खोडताना त्या माळकऱ्याबद्दल रंगुबाईंना जरा जपून सांगा. त्यांना तो फार आवडला होता.