घरी आणलेला वॉकर

मित्रांनो, सारजाबाई वारल्याची बातमी आली तेव्हा मी गहिनीनाथ आबांच्या अंगणात होतो आणि आबा माझ्या आधाराने उभे होते. सकाळची वेळ होती. दारापासून चिंचेपर्यंत जायचे आणि परत यायचे, असे सारजाबाईंनी त्यांना नेमून दिले होते. आबांची बायको छबुबाई त्यांच्या कमरेला बांधलेला धडपा मागून धरून चालत होती. अर्ध्या वाटेत त्यांचा मुलगा बजरंग फोन हातात घेऊन घरातून बाहेर आला.

“आबा, खाली बसा जरा,” तो म्हणाला.

“चिंचंला हात लावल्याबिगर बसायचं न्हाई. त्या सारजाबाईला कसं कळतंय काय म्हाईत, आल्या की लई बोलत्यात.”

“आबा, सारजाबाई वारल्या. छातीत दुखाया लागलं म्हनून आंबाजोगाईला नेत हुते. वाटंतच गेल्या.”

छबुबाईच्या हातातून धडपा सुटला. आबांनी माझ्या दोन्ही मुठी घट्ट आवळल्या. त्या दिवशी मागून कोणीही धरलेले नसताना आबा पहिल्यांदा उभे राहिले. ते पाहायला सारजाबाई नव्हत्या.

मी एक वॉकर आहे. मला चार पाय आहेत, त्यांना रबराची टोपणे आहेत आणि वरती धरायला दोन मुठी आहेत. ज्यांचे पाय चालणे विसरले, त्यांना मी आधार देतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. बीडच्या एका औषधाच्या दुकानात मी छताला उलटा टांगलेला होतो, तिथपासूनचे आठवते. लोक औषधे घ्यायला येत, वर पाहत आणि नजर काढून घेत. आपल्याला माझी गरज पडू नये असेच प्रत्येकाला वाटते. त्याचा मला राग येत नाही.

एका सद्‌गृहस्थाने मला विकत घेतले आणि धारूरला रोहिणी मॅडमच्या फिजिओथेरपी केंद्राला देऊन टाकले. सारजाबाई तिथे मदतनीस होत्या. मॅडम पेशंटला तपासत, कोणता व्यायाम किती करायचा ते ठरवत. तो व्यायाम करून घेणे हे सारजाबाईंचे काम. सकाळी केंद्रात आणि दुपारनंतर डोंगरातल्या वाड्यांवर. पेशंटला बाजेवरून उठता येत नसेल तर त्या बाजेच्या पायांखाली विटा लावून बाज उंच करत. उठणे जमू लागले की विटा एकेक करून काढत. गेवराईकडची वाळू जाड कापडाच्या पिशव्यांत शिवून त्यांनी पायाला बांधायची वजने केली होती. धडपा म्हणजे जुन्या लुगड्याची पट्टी. पेशंटच्या कमरेला ती बांधून त्या मागून धरत आणि म्हणत, “पडा बरं आता. बगू कसं पडताव.”

त्यांचे यजमान आप्पाराव त्यांना मोटारसायकलवर घेऊन येत. मला मागे आडवे बांधलेले असे. सारजाबाई घरात गेल्या की आप्पाराव बाहेर झाडाखाली बसत. आबा बाजेवरून ओरडायचे, “बायको कामाला अन् तू सावलीला! लई नशीबवान हायेस बे, आप्पाराव.”

आप्पाराव म्हणायचे, “डायवर हाय मी तिचा. डायवर आत येत नसतो.”

आणि खरेच ते कधी आत आले नाहीत. बायामाणसांचे व्यायाम चालू असतात, आपण कशाला जावे, असा त्यांचा विचार. कोणत्या घरी कोणती वस्तू दिली आहे ते त्यांना पाठ होते. ती वस्तू काय काम करते ते मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मी किती घरे फिरलो ते सांगत बसत नाही. ताराबाई नावाची एक म्हातारी मला धरून शेताच्या बांधापर्यंत गेली आणि भुईमूग उपटत बसली, तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठा दिवस होता. तिला माझी गरज उरली नाही, म्हणून सारजाबाई मला घेऊन पुढच्या घरी गेल्या. मला कधी कोणाच्या घरी कायमचे राहायचेच नव्हते.

धुळाजी नावाचे म्हातारे वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांची वाकळ, कपडे आणि मला ओढ्याकाठी टाकून दिले. गेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवू नये म्हणतात. मी चिखलात आडवा पडून होतो. सारजाबाई तिथे आल्या, मला उचलून हापशावर नेले आणि राखेने घासू लागल्या.

पाणी भरायला आलेल्या बाया म्हणाल्या, “मेल्या मानसाचं कावून घेता, बाई?”

“मानूस मेला. ह्याचे चारी पाय जित्ते हायेत,” असे म्हणून सारजाबाईंनी दुसऱ्याच दिवशी मला दुसऱ्या घरी दिले.

आबांच्या घरी मी उन्हाळ्याच्या शेवटी आलो. ते ऊसतोडीचे काम करत. मागच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना ते पाय घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी आत सळई घातली. हाड जुळले, पण गुडघा वाकेना. त्यांच्या घरामागे संडास होता आणि त्याला दोन पायऱ्या होत्या. छबुबाई आणि बजरंग त्यांना उचलून न्यायचे. नेताना आबा डोळे मिटून घ्यायचे.

दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येणार होता. छबुबाई, बजरंग आणि सून तिघे तोडीला जाणार होते. आबा म्हणायचे, “मला घरी ठिवून जा. भाकरी शेजारची विमलबाई दील. पर फडावर नगं. तितं मला उगड्यावर समद्या बायामानसांत उचलून न्याल. त्याच्यापरीस मेलेलं बरं.”

सारजाबाई म्हणायच्या, “मंग गुडगा वाकवा. तुमी तुमच्या पायानं मागं जाऊन आलाव की छबुबाई जायला मोकळ्या. दसऱ्याच्या आत करू आपुन.”

आणि ते होत आले होते. बाजेखालच्या विटा निघाल्या होत्या. चिंचेपर्यंतची वाट जमली होती. फक्त पायऱ्या उरल्या होत्या.

दहाव्याला छबुबाई आणि बजरंग नदीवर गेले होते. तिथे काय घडले ते मी त्यांच्या तोंडून ऐकले. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. बाभळीवर कावळे बसून होते, एकही खाली उतरेना. सारजाबाईंचा भाऊ हात जोडून म्हणाला, “सारजे, मोहिनीला आमी अंतर देनार न्हाई.” मोहिनी ही त्यांची लेक, सासरी नांदणारी. तीही रडत म्हणाली, “आई, बाबाला उपाशी ठिवनार न्हाई.” तरी कावळा हलेना. ऊन वाढले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा आप्पाराव पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, “सारजा, तुज्या वस्तू लोकांच्या घरोघर पडल्यात. तुजा जीव त्याच्यात आडकला आसल. मी समद्या घरी आनतो.” तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

आता हे वचन साऱ्या लोकांनी ऐकलेले. कोण काय बोलणार?

दोन दिवसांनी आप्पाराव मोटारसायकल घेऊन आले. त्यांनी डोके भादरलेले होते. बायको नसताना ते पहिल्यांदा आमच्या दारात आले आणि पहिल्यांदाच झाडाखाली न बसता उंबऱ्याशी आले.

“छबुबाई, वॉकर न्यायला आलो.”

छबुबाईने आबांकडे पाहिले. आबा बाजेवर बसले होते, मी त्यांच्या पुढ्यात होतो. त्यांचे हात माझ्यावरच होते.

“न्या,” आबा म्हणाले. “कावळा शिवलाय त्येच्यावर. तिच्या जीवाला तरास नगं.” आणि त्यांनी मुठी सोडल्या.

छबुबाईने चहा केला. वाळूच्या पिशव्या आणि घडी केलेला धडपाही तिने दिला.

आप्पारावांच्या घरामागे पत्र्याची खोली होती. तिथे मी, माझ्यासारखे आणखी वॉकर, कुबड्या, चाकाची एक खुर्ची, असे सगळे जमा झालो. आप्पाराव रोज सकाळी येऊन आम्हाला ओल्या फडक्याने पुसायचे. कोणालाही उलटेपालटे ठेवायचे नाहीत. कधी चाकाच्या खुर्चीवर बसायचे आणि माझ्या मुठीला सारजाबाईंनी गुंडाळलेल्या चिंधीवर हात ठेवायचे. माझी इतकी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती आणि इतका निरुपयोगी मी दुकानाच्या छतालाही नव्हतो.

आप्पारावांना रोहिणी मॅडमचा फोन आला. आबांना केंद्रात तरी आणा, असे त्यांनी बजरंगला सांगितले होते. पण वाडीचा रस्ता पावसाने उखडलेला, जीप आत येईना. आप्पारावांना मॅडम म्हणाल्या, “आप्पा, निदान एक वॉकर आबांना परत द्या.” आप्पाराव म्हणाले, “मॅडम, दिलेला शबुद कसा मोडू? तिचा जीव परत आडकला तर?” मॅडमनी फोन ठेवला. त्यांचेही वाड्यांवरचे काम सारजाबाईंवाचून अडले होते.

खंडेनवमीला मोहिनी माहेरी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. आप्पारावांनी विळे, कुदळ बाहेर मांडली आणि शेवटी आम्हालाही बाहेर आणून ओळीने उभे केले. आम्हाला हळदकुंकू लावले. मोहिनी पाहत राहिली.

“बाबा, आईनं ह्यातली एक तरी वस्तू घरी ठिवली का कवा?”

“न्हाई. ठिवायची जागा न्हाई म्हनायची.”

“जागा लई हुती. ती ठिवतच न्हवती. घरी आलेली वस्तू सकाळी दुसऱ्याच्या घरी.”

“पर शबुद दिलाय, पोरी. मी आनतो म्हनलो.”

“मंग आनल्या की! घरी आनतो म्हनलाव, आनल्या, पूजा बी केली. आता तिच्यावानी वाटून या. कुलूप लावून ठिवतो आसं थोडंच म्हनलाव कावळ्याला?”

आप्पारावांनी मला ओळीतून बाहेर काढले. मग त्यांनी दोरी शोधली.

दुसरा दिवस दसऱ्याचा. आप्पाराव आधी केंद्रात गेले आणि मॅडमना म्हणाले, “मला दाखवा, आबांचा गुडगा कसा वाकवायचा. मी बाहेर बसत हुतो.” मॅडमनी स्वतःचा पाय धरून त्यांना दाखवले, त्यांच्याकडून करून घेतले, पुन्हा दाखवले. परतताना त्यांना उशीर झाला, आणि वाडीवर आम्ही गेलो ते त्याच्या पुढच्या सकाळी.

ट्रॅक्टर येऊन उभा होता. ट्रॉलीत भांडी, शेळी, सरपण भरून झाले होते. मुकादम हॉर्न वाजवत होता. आबा बाजेवर होते, बाजेखाली पुन्हा विटा आलेल्या मला दिसल्या.

आप्पाराव मला घेऊन धावतच आत गेले. त्यांनी आबांच्या कमरेला धडपा बांधला, गाठ चुकली, परत बांधला. आबांनी माझ्या मुठी धरल्या आणि ते उभे राहिले. पण मोडलेला पाय पुढे सरळच्या सरळ आला, लाकडासारखा. आप्पारावांनी खाली बसून गुडघा वाकवून पाहिला. आबांचा चेहरा कळेने पांढरा पडला.

“वाकत न्हाई, आप्पा,” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे.”

“हळूहळू वाकंल म्हनल्यात मॅडम. मी रोज येतो.”

“आज काय करतो बे? ट्रॅक्टर हुबाय.”

छबुबाई दारात उभी होती. ती आप्पारावांवर ओरडली असती तर बरे झाले असते. ती फक्त म्हणाली, “ह्यांना घरी कुनाच्या भरवशावर ठिवू, दादा? विमलबाई भाकरी दील. मागं कोन नील?”

“मी हाय न्हवं,” आप्पाराव म्हणाले.

“गड्यानं गड्याला उचलून न्यायचं? मंग फडावर काय येगळं हाय?” आबा म्हणाले. “चला, उचला.”

चौघांनी आबांना उचलले आणि वाकळांच्या ढिगावर ठेवले. आबांनी डोळे मिटून घेतले होते. आप्पारावांनी वाळूच्या पिशव्या ट्रॉलीत ठेवल्या, मला कठड्याला बांधले, दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत ते अंगणात उभे असतील, असे मला वाटते. मला मागचे दिसत नव्हते.

आता आम्ही कडा गावाच्या बाजूला उसाच्या फडावर आहोत. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत आबा आणि कोपीबाहेर मी. जमीन काळी आहे, माझे पाय त्यात रुततात. छबुबाई तोडीवरून आली की वाळूची पिशवी आबांच्या पायाला बांधते आणि पिशवीवर डोके टेकून कधी कधी तशीच झोपते. मागच्या आठवड्यात आप्पाराव एसटी बदलत बदलत इथे आले. त्यांनी एक जुनी फळी आणली होती, माझे पाय रुतू नयेत म्हणून. त्यांनी आबांचा गुडघा वाकवला. तो थोडा वाकला. आबा ओरडले, आप्पारावांनी हात काढून घेतला. सारजाबाईंनी काढला नसता. पण आप्पारावांना तेवढे येत नाही, आणि ते जिच्याकडून शिकायचे ती व्यक्ती आता नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी गेले असेल आणि त्याची काठी, कुबडी, माझ्यासारखा वॉकर मागे राहिला असेल, तर तो ओढ्याकाठी टाकू नका. आणि माया म्हणून कोपऱ्यात जपूनही ठेवू नका. तुम्ही आम्हाला पुसता, आम्हाला हात लावून बसता, ते आम्हाला कळते. पण तेवढ्या दिवसांत कोणाचा तरी गुडघा आखडत असतो. ज्याला गरज आहे त्याच्या दारात आम्हाला नेऊन सोडा. आणि शक्य असेल तर बाहेर झाडाखाली बसू नका. आत या आणि काय चालले आहे ते पाहून ठेवा.

आप्पाराव पुन्हा येणार आहेत. आबा माझ्या आधाराने फळीवर उभे राहतात. पाय अजून टाकता येत नाही. सकाळी त्यांना उचलूनच न्यावे लागते.